सुनेच्या पुस्तकावर माझी सही

सन दोन हजार सोळा. मला तेव्हा त्र्याहत्तरावं सरत आलं होतं. शाळा चौथीपर्यंत. जन्म सगळा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची तोंडं शिवण्यात गेला, पुढं तिथंच छोटं दुकान टाकलं. असा मी तीन महिने जर्मनीला राहून आलो. आल्यापासून यार्डातली मंडळी एकच विचारतात, "दत्तूअण्णा, तिकडं काय बघितलं? बर्फ बघितला का?" बर्फ मी बघितला नाही. मी बघितलं ते एक टेबल. त्या टेबलापाशी माझा जीव जेवढा टांगणीला लागला तेवढा विमानातसुद्धा लागला नव्हता. म्हणून तेच लिहितो. ज्यांना बर्फ पाहिजे त्यांनी टीव्हीवर बघावा.

इंगोलश्टाट

माझा मुलगा महेश इंगोलश्टाट गावात इंजिनिअर आहे. तिथं मोटारींचा मोठा कारखाना, आणि त्याला माल पुरवणाऱ्या पुष्कळ कंपन्या, त्यातल्या एकीत. सून अनघा पुण्याची. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून कादंबऱ्या लिहायला लागली, त्यासुद्धा जर्मन भाषेतून. दोन छापून झाल्या होत्या. पुस्तकावर नाव मात्र 'अनघा लेले', म्हणजे माहेरचं. आमचं आडनाव माने. मी यावर काही बोललो नाही, पण पुस्तक हातात घेतलं की माझी नजर आधी तिथंच जायची.

कादंबरी लिहिणारा माणूस म्हणजे आपल्याला वाटतं, लोडाला टेकून विचार करत बसलेला. हिचं तसं नव्हतं. सकाळी घरकाम, मग लिहिणं, मग वाचकांच्या पत्रांना उत्तरं, आणि वेळ मिळेल तेव्हा शिवण. शिवण कशाला, तर तिच्या गोष्टीतली बाई आपल्या कोकणातली, गलबतांची शिडं शिवणारी. त्या देशात अशा पुस्तकांचे मेळावे भरतात. वाचक आपापल्या आवडत्या पात्राचा वेष करून येतात. राजा, चेटकीण, खलाशी, काय वाटेल ते. लिहिणाराही वेष करून बसतो आणि पुस्तकावर सही देतो. म्हणून ही त्या शिडवालीचा झगा शिवत होती. निळा, गुडघ्याच्या खाली येणारा, पाठीवर नाडीचं गुंफण.

मी पोचल्या दिवशीच सांगितलं होतं, मला दार लावता येईल अशी खोली पाहिजे. हॉलमध्ये कोचावर झोपायला मी काय कुणाच्या लग्नाला आलोय? अनघानं तिची खिडकीची छोटी खोली मला दिली. तिचं टेबल बाहेर काढलं. शिवणाचं मशीन जड, ते कोपऱ्यात तसंच राहिलं. खोली चांगली होती. दुपारी जेवून आडवं झालं की चहापर्यंत कुणी दार वाजवत नसे.

जाऊन दोन महिने होत आले तेव्हा एका रात्री जेवताना मला कळलं की घरात एक करार झालेला आहे.

महेश म्हणाला, "बाबा, तुम्ही हिच्याबरोबर बाड हॉम्बुर्गला जाल का? मला त्या शनिवार-रविवारी काम आहे. ही एकटी दोन बॅगा पुस्तकं ओढत नेणार."

"तिथं काय आहे?"

"मेळावा आहे," अनघा म्हणाली. "आल्झो, म्हणजे असं की, माझी प्रकाशिका तिथं येणार आहे. रविवारी तीन वाजताचा टेर्मिन दिलाय तिनं." टेर्मिन म्हणजे ठरवून दिलेली वेळ. त्या देशात टेर्मिनशिवाय न्हावीसुद्धा डोक्याला हात लावत नाही.

"तिसरं पुस्तक घेणार की नाही ते ती सांगेल," महेश म्हणाला. "नाही म्हणाली तर ही नोव्हेंबरपासून परत ऑफिसला. तसं ठरलंय आमचं. दोघांच्या संमतीनं, काय गं?"

"गेनाऊ," ती म्हणाली. म्हणजे बरोबर. पण ताटातला भात ती नुसता इकडचा तिकडे करत होती.

खरं सांगतो, मी मनातून महेशच्या बाजूचा होतो. पोरगा थकून घरी यायचा. एकाच्या पगारावर घर चाललेलं मला दिसत होतं. मी म्हटलं, जातो.

मेळाव्याच्या आदल्या रविवारी एक प्रकार झाला. मी खाली नदीकडे फिरायला गेलो होतो. परत आलो तर शेजारची म्हातारी दारात उभी, आणि अनघा तिला हात जोडल्यासारखं करून काहीतरी सांगतेय. मशीनचा आवाज! रविवारी तिकडे भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही, मशीन नाही, धोपटणं नाही. सगळा गाव गप्प. आपल्याकडे रविवारी तर खरे आवाज सुरू होतात. म्हातारी गेल्यावर अनघानं झगा उचलला आणि उरलेली बाही हातानंच जोडायला बसली. मी बघितलं, धावदोरा घालत होती, लांब लांब.

"हा टाका टिकायचा नाही," मी म्हटलं.

"टिकेल, बाबा. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

बाड हॉम्बुर्ग

गाव श्रीमंत. रस्ते पुसून घेतल्यासारखे. ऑक्टोबरची पिवळी पानं पडलेली, तीसुद्धा कुणी मांडून ठेवल्यासारखी. शनिवारी उतरलो ते एका बाईच्या छोट्या पाहुणघरात. सकाळी न्याहारीला उकडलेली अंडी आली, आणि प्रत्येक अंड्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी. गरम राहावं म्हणून! मी टोपी काढून उलटी करून बघितली, टाके बारीक होते. घरमालकीण खूश झाली. तिला वाटलं मला टोपी हवीय, आणि तिनं ती मला देऊनच टाकली. मी ती खिशात टाकली.

हॉलच्या वाटेवर मोठी बाग लागते. तिथं औषधी पाण्याचे झरे आहेत, लोक त्यासाठी लांबून येतात असं अनघा म्हणाली. फुकट मिळतंय आणि औषधी आहे म्हटल्यावर मी पेला भरून घोट घेतला. खारट, आणि वर लोखंड चाटल्यासारखी चव! मी बाजूच्या फुलझाडात थुंकलो. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवळात थुंकलो. मी उरलेला पेला त्याच्याकडे बघत सगळा पिऊन टाकला. अनघा हसली. त्या दिवसातलं तिचं ते शेवटचं हसणं.

हॉलमध्ये गर्दी म्हणजे आपल्या गावजत्रेतल्या सोंगांची. शिंगं लावलेली माणसं, पंख लावलेल्या पोरी, एक तर अख्खं झाड होऊन आलेला. आमचं टेबल खांबाजवळ. अनघानं पुस्तकं मांडली, निळ्या दोऱ्याचं रीळ आणि सुई ठेवली. तिची एक रीत होती. सही केली की सहीखाली त्याच पानावर सुईनं एक निळा टाका घालायचा. शिडवालीची खूण म्हणून. तिचे वाचक त्या टाक्यासाठी येतात, असं तिनं मला सांगितलं.

पण येत कुणी नव्हतं.

शेजारच्या टेबलावर शिंगंवाला लेखक होता, त्याच्यासमोर रांग. आमच्या टेबलापुढून लोक त्याच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. दुकानात गिऱ्हाईक नसणं काय असतं ते मला माहीत आहे. चेहरा हसरा ठेवावा लागतो. अनघा तो चेहरा ठेवून बसली होती. मी एक पुस्तक हातात धरून उभा राहिलो आणि येणाऱ्याला म्हणू लागलो, "या, या, बघा तर!"

"अहो बाबा, बसा ना. असं पुस्तक रोखून धरलं की लोक घाबरतात."

"घाबरून का होईना, थांबतील तरी."

"नाही थांबत. बाजूनं जातात."

खरंच बाजूनं जात होते. मी बसलो. घड्याळ बघितलं, दुपार झाली होती. आता हे मला स्वतःलाच नवल वाटतं, पण आदल्या महिन्यात जो मी पोराच्या बाजूचा होतो, तो मी तिथं बसून मनात म्हणत होतो, देवा, चार माणसं तरी पाठव हिच्याकडे. प्रकाशिका आली आणि तिला हे रिकामं टेबल दिसलं तर काय सांगेल ती? मी पिशवीतला सांगलीचा भडंग काढून खात बसलो.

अडीच वाजायला आले असतील. टेबलामागचं तिच्या नावाचं कापड एका बाजूनं सुटलं. ते अडकवायला अनघानं हात वर केला आणि खांद्यापासून बाही उसवली. पार दंड उघडा पडला.

"शिट," ती म्हणाली आणि लगेच माझ्याकडे बघून गप्प झाली. मग तिनं सुई उचलली, मान वाकडी केली आणि अंगावरच टाका घालायला लागली.

मी तिच्या हातातली सुई काढून घेतली. "अंगावरचं शिवायचं नाही."

"बाबा, तीन वाजता ती येईल."

"येऊ दे. आमच्याकडे अंगावर टाका घालतात तो एकदाच, आणि तो माणूस परत उठत नाही."

"आई म्हणायची, दातात दोरा धरला की चालतं."

"ते तुमच्या पुण्यात. तू काढून शिव."

"पाठीवर नाडी आहे, मला एकटीला सुटत नाही! आणि तुम्ही..." तिथं ती थांबली. सासऱ्यानं सुनेच्या झग्याची नाडी सोडणं तिलाही शक्य नव्हतं, मलाही. मी सुई सोडली नाही. हट्ट म्हणा. तिची सासू गेली तेव्हा तिच्या अंगावरच्या लुगड्याला बायकांनी टाका घातलेला मी बघितला आहे. जिवंत माणसाच्या अंगावर तो मला बघवणार नव्हता.

शेवटी ती दुसरी सुई घेऊन, पलीकडच्या पंखवाल्या पोरीला विनवून, तिला घेऊन बायकांच्या बाजूला गेली. जाताना म्हणाली, "कुणी आलं तर फक्त 'मोमेंट' म्हणा. बाकी काही नको."

आणि ती वळली नाही तोच माणसं आली.

आधी दाढीवाला एक उंच गडी, खलाशाचा वेष केलेला. त्याच्या मागं दोघी, त्यांच्या मागं एक चाकाच्या खुर्चीतली बाई. दाढीवाल्यानं पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि पेन पुढं केलं. मी म्हटलं, मोमेंट. त्यानं मनगटावरच्या घड्याळाला बोट लावलं आणि हातानं आगगाडी जाते तसं केलं. मी परत म्हटलं, मोमेंट. बायकांच्या बाजूकडे बघितलं, अनघाचा पत्ता नाही. मागच्या दोघी शिंगंवाल्याच्या रांगेकडे बघायला लागल्या.

आता मला सांगा, घरात माणूस नसताना रजिस्टर आलं तर पोस्टमनला कुणी परत पाठवतं का? घरातला वडीलधारा सही करून घेतो. बाजार समितीत सचिव नसले तर कारकून 'सचिवांकरिता' लिहून सही ठोकतो आणि माल गेटबाहेर पडतो. मी पेन घेतलं. खोटी सही केली नाही. स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'अनघा लेले यांचेकरिता, द. रा. माने.' सही माझी चांगली आहे, चौथीच्या मास्तरांनी वळण लावलेली. मग सुई माझ्याच हातात होती. खाली एक टाका घातला, पोत्याचा, दुहेरी, ओढून. पान जरा टरकलं. दाढीवाल्यानं ते बघितलं, माझ्याकडे बघितलं, काहीतरी म्हणाला आणि गाडीसाठी पळाला.

दुसरीला टाका हलक्या हातानं घातला. तिसरीलाही. खुर्चीतल्या बाईचं पुस्तक मी उघडत होतो तेवढ्यात अनघा आली.

"बाबा! काय करताय तुम्ही?"

"थांबवून धरलीत माणसं. गेली असती."

तिनं माझ्या हातातलं पेन आणि सुई बघितली. "किती जणांना दिलीत?"

"करिता लिहिलंय," मी म्हटलं.

"बाबा, त्यांना सही नको असते! त्यांना मी हवी असते, माझ्या हातचं हवं असतं. हे माझं पुस्तक आहे. तुमच्या घराचं नाही."

हे ती सगळ्यांसमोर बोलली. भाषा कुणाला कळली नाही, पण आवाज कळला. मला लागलं. मी मान ताठ ठेवून बसलो.

तिनं खुर्चीतल्या बाईला सही दिली, टाका घातला, आणि बाकीच्यांना शोधायला गर्दीत धावली. झगा उचलून धरलेला, नवा टाका घातलेली बाही आणि कपाळावर घाम. मी बघत राहिलो. शिंगांमधून, पंखांमधून तो निळा झगा एकदा इकडे दिसे, एकदा तिकडे.

आणि तीनच्या ठोक्याला प्रकाशिका आली. पांढरे केस, काळा कोट, हातात कागदाची फाइल. नुसत्या कोटामुळेच मी ओळखली, त्या हॉलमध्ये माणसासारखी माणूस तीच एक. तिनं रिकामी खुर्ची बघितली. घड्याळ बघितलं.

ही गेली तर पोरीचं सगळं गेलं, आणि ते माझ्यामुळे. मी उठलो, "मोमेंट, मोमेंट" म्हणत टेबलाच्या पुढं जाऊन उभा राहिलो, म्हणजे तिला जायला वाटच नको. खुर्ची दिली. मग काय करावं कळेना, म्हणून भडंगाची पिशवी पुढं केली. तिनं चिमूटभर घेतला. आमचा भडंग तिखट असतो. तिला ठसका लागला, डोळ्याला पाणी आलं. पाणी शोधेपर्यंत दुसरी चिमूट तिनं आपणहून घेतली. पण हसली नाही. समोर अनघाची पुस्तकं होती, ती एकेक उघडून बघत बसली.

अनघा आली तेव्हा तिला धड श्वास घेता येत नव्हता. माझी सही घेऊन गेलेल्या त्या दोघी सापडल्या होत्या. दाढीवाला गेला तो गेलाच. मग ती आणि प्रकाशिका बोलायला बसल्या. मला शब्द कळत नव्हते, म्हणून मी हात बघत होतो. प्रकाशिकेचे हात फाइलवर घडी घालून ठेवलेले. अनघाचे हात दोऱ्याचं रीळ गुंडाळतायत, सोडतायत. शेवटी प्रकाशिका उठली, हात मिळवला, मलाही मिळवला, आणि गेली. फाइल तिनं उघडलीच नाही.

परतीची गाडी

गाडीत अनघा खिडकीकडे तोंड करून बसली होती. झगा पिशवीत. बाहेर सपाट काळी शेतं, मधेच एखादं चर्च. मी येणारी स्टेशनं मोजत राहिलो. मग राहवेना.

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"नाही, असं म्हणाली?"

"तसं नाही. दोन्ही पुस्तकं फार खपलेली नाहीत म्हणाली. तिसरं आधी पूर्ण लिहून आण, मग बघते. करार आत्ता नाही. इथे गोड बोलून असंच नाही म्हणतात, बाबा."

मी ते मनात घोळवलं. मग मला दुपारपासून सलत होतं ते विचारलं. "एवढे दिवस होते. बाही कच्ची का ठेवलीस?"

"मशीन तुमच्या खोलीत होतं ना. दुपारी तुम्ही झोपलेले असायचात. संध्याकाळी स्वयंपाक."

"आणि लिहितेस कुठं?"

"किचनमध्ये. म्हणजे, या दोन महिन्यांत फार नाही झालं." ती माझ्याकडे वळली. "मी मघाशी ओरडायला नको होतं."

"ओरडलीस ते ओरडलीस," मी म्हटलं. "भडंग खा."

तिनं घेतला. दोघांनी पिशवी संपवली. पण मला गाडीभर त्या मशीनशिवाय काही दिसत नव्हतं. रोज दुपारी मी त्याच्याकडे पाठ करून झोपत होतो.

स्टेशनवर महेश गाडी घेऊन उभा होता. पुस्तकांच्या बॅगा उचलल्या, वजन कमी झालं नव्हतं ते त्याला हाताला कळलंच. वाटेत म्हणाला, "मग? हो की नाही?"

अनघा तोंड उघडणार, त्याच्या आधी मी बोललो. "लिहून आण म्हणाली."

"बाबा, म्हणजे नाही."

"म्हणजे लिहून आण. तू यार्डात कधी उभा राहिलास? न बघितलेल्या मालाचा भाव कुठला व्यापारी सांगतो? माल आण, बघतो, म्हणतो. त्याला नाही म्हणत नाहीत."

"पण आमचं ठरलंय ना..."

"तुमचं ठरलंय, नाही म्हणाली तर. ती नाही म्हणाली नाही. मी तिथं बसलो होतो, तू नव्हतास."

महेशनं गाडी सिग्नलला थांबवली आणि मागं वळून अनघाकडे बघितलं. मग तो म्हणाला, "किती दिवस लागतील?"

"मार्चपर्यंत," ती म्हणाली. "रोज बसायला मिळालं तर."

"मार्च," तो म्हणाला, आणि दिवा हिरवा झाला. हो म्हणाला नाही, पण नोव्हेंबरही म्हणाला नाही.

माझ्या सहीचं तेवढं सांगतो. मला अजून वाटत नाही की माझं फार चुकलं. करिता म्हणजे करिता. पण त्या दाढीवाल्याकडे एक पुस्तक आहे, त्यावर तिची सही नाही, माझी आहे, आणि पान टरकलेलं आहे. ते काही केल्या परत येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं उठायच्या आधी मी माझी गादी, पांघरूण आणि पत्र्याची पेटी उचलून हॉलमध्ये कोचापाशी आणली. किचनमधलं तिचं टेबल आडवं करून दारातून आत घेतलं, कमरेत कळ आली तरी घेतलं, आणि खिडकीखाली लावलं. मशीन ओढून उजेडाकडे केलं. त्यावर निळा दोरा आणि ती अंड्याची टोपी ठेवली, सुया टोचायला बरी पडते. मग चहा केला, तिचा कप टेबलावर झाकून ठेवला, आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.